चाळिशी उलटलेल्या पुरुषाचें रक्त

अंबरनाथच्या एका वाचकांचें पत्र आलें आहे. वय ४६, अंगानें सडसडीत, मुंबईस नोकरी, घरीं पूर्ण शाकाहार. एका औषधांच्या दुकानांत त्यांस ‘स्पर्मिडिन’ नांवाच्या गोळ्या दाखविण्यांत आल्या. आणि रक्तांतील ‘पॉलिअमाइन’ नामक द्रव्यें घटलीं म्हणजे वार्धक्य लवकर येतें, मधुमेह जडतो, असेंही त्यांच्या कानावर घालण्यांत आलें. ह्या गोळ्या घ्याव्या काय, आणि रक्तांतील हीं द्रव्यें मोजून घ्यावीं काय, एवढाच त्यांचा प्रश्न आहे. प्रश्न एकाचा असला, तरी उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ह्या तिन्ही गांवांतील बहुतेक घरांत चाळिशी-पन्नाशीचा कर्ता पुरुष असतोच. आणि आमच्या हाताखालून शिकून गेलेले कित्येक विद्यार्थी आज त्याच वयाचे आहेत. म्हणून ह्या खेपेचें पान त्याच प्रश्नास देत आहों. वैद्यकी हा आमचा व्यवसाय नव्हे. शोधकांनीं काय केलें व त्यांस काय आढळलें, तें नीट वाचून सोपें करून सांगणें एवढेंच शिक्षकाचें काम. औषधयोजना ज्यानें त्यानें आपल्या डॉक्टरांस विचारूनच करावी.

प्रथम नांवांचा विचार करूं. ज्याच्या एका रेणूंत ‘अमाइन’ नांवाचे नत्रयुक्त गट एकाहून अधिक असतात, तें पॉलिअमाइन. मनुष्याच्या शरीरांत अशीं मुख्य द्रव्यें तीन : पुट्रेसिन, स्पर्मिडिन व स्पर्मिन. पहिलें ब्रीगर नांवाच्या जर्मन वैद्यानें १८८५ च्या सुमारास कुजलेल्या मांसांतून वेगळें काढलें. ज्या लॅटिन शब्दावरून त्याचें नांव पडलें, त्याचें आणि आपल्या ‘पूति’ व ‘पूय’ ह्या संस्कृत शब्दांचें कूळ एकच आहे. अर्थ कुजणें, दुर्गंध येणें. स्पर्मिनाची हकीकत निराळी. सतराव्या शतकांत लेव्हेनहूक नांवाच्या डच कापडविक्यानें आपल्या हातच्या भिंगांतून पुरुषबीज पाहिलें, तेव्हां तें वाळतांना त्यांत स्फटिक दिसले. त्या द्रव्यास १८८८ सालीं लाडेनबुर्ग व आबेल ह्या दोघांनीं ‘बीज’ ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून स्पर्मिन हें नांव दिलें. एकाचें नांव कुजण्यावरून, दुसऱ्याचें बीजावरून. आणि मौज अशी कीं, पहिल्यापासूनच शरीर पुढचीं दोन्ही बनवितें.

ह्या द्रव्यांचें काम काय? त्यांवर विजेचा धनभार असतो. आणि पेशींतील ज्या धाग्यांवर आनुवंशिक गुणांची लिपि लिहिलेली असते, ते धागे ऋणभाराचे असतात. त्यामुळें हीं द्रव्यें त्या धाग्यांस बिलगून त्यांस आधार देतात. पेशी वाढावयाची, दुभंगावयाची, नवीं प्रथिनें घडवावयाचीं, तर त्यांच्यावांचून चालत नाहीं. शिवाय प्रत्येक पेशींत एक झाडलोटीचें खातें असतें. मोडके भाग गोळा करावयाचे, ते पचवावयाचे आणि त्यांतून पुन्हां उपयोगाचा माल काढावयाचा, असें तें काम. ह्या क्रियेचें गूढ उकलल्याबद्दल जपानचे योशिनोरी ओसुमी यांस २०१६ चें नोबेल पारितोषिक मिळालें. ऑस्ट्रियांतील ग्राझ येथील शोधकांनीं २००९ सालीं दाखविलें कीं, स्पर्मिडिन दिलें असतां किण्व, माशा व कृमि यांच्या पेशींत ही झाडलोट वाढते व त्यांचें आयुष्य लांबतें. पुढें २०१६ सालीं उंदरांतही तोच अनुभव आला, आणि म्हाताऱ्या उंदरांचीं हृदयें अधिक चांगलीं राहिलेलीं आढळलीं.

शरीरास हीं द्रव्यें तीन वाटांनीं मिळतात : कांहीं अन्नांतून, कांहीं आंतड्यांतील सूक्ष्म जंतूंकडून, आणि कांहीं पेशी स्वतःच तयार करतात. वयाबरोबर त्यांचा सांठा उतरतो. इटलींतील शोधकांनीं २०१२ सालीं तीन वयोगटांचें रक्त तपासलें. मध्यमवयीन माणसांच्या मानानें ६० ते ८० वर्षांच्या मंडळींत हीं द्रव्यें उतरलेलीं होतीं. पण ज्यांनीं नव्वदी ओलांडली, त्यांच्या रक्तांत स्पर्मिडिन व स्पर्मिन यांचें प्रमाण टिकून होतें. इतकें ऐकल्यावर कोणाच्याही मनांत येईल कीं, हें द्रव्य अधिक तेवढें उत्तम. मोजावें, आणि कमी भरल्यास गोळी घ्यावी.

परंतु गोष्ट इतकी सरळ नाहीं. स्पेनमधील शोधकांनीं २०११ सालीं लठ्ठ मुलांचें रक्त तपासलें, तेव्हां त्यांत पॉलिअमाइनें कमी नव्हे तर अधिक निघालीं. त्याच्याही चाळीस वर्षें आधीं, १९७१ सालीं, कर्करोगाच्या रोग्यांच्या मूत्रांत हीं द्रव्यें वाढलेलीं आढळलीं होतीं. कारण गांठीच्या पेशीही वाढतच असतात, आणि जेथें वाढ आहे तेथें हीं द्रव्यें आहेतच. मूत्रपिंडें बिघडलीं तरी हिशेब बदलतो. शिवाय रक्तांतील ह्या द्रव्यांचा मोठा भाग तांबड्या पेशींच्या पोटांत असतो. तेव्हां सगळें रक्त घेतलें कीं नुसता वरचा पातळ भाग घेतला, ह्यावर आंकडा अवलंबून. रात्रीं रस्त्यावरून जाणाऱ्यास एखाद्या घरांत दिवा जळतांना दिसतो; पण आंत मंगलकार्याची तयारी चालली आहे कीं कोणी आजारी आहे, हें त्याला त्या दिव्यावरून कळत नाहीं. रक्तांतील पॉलिअमाइनांचा आंकडा हा तसा दिवा आहे. शोधकास तो उपयोगी. गृहस्थास त्यावरून आज कांहींच ठरवितां येत नाहीं.

गोळ्यांचेंही तसेंच. जर्मनींत ज्यांस विसराळूपणा जाणवूं लागला होता अशा १०० वृद्धांवर बारा महिने प्रयोग झाला. कांहींस रोज ०.९ मिलिग्रॅम स्पर्मिडिन, कांहींस निव्वळ दिखाऊ गोळी. २०२२ सालीं निकाल प्रसिद्ध झाला : स्मरणशक्तींत दोन्ही गटांत फरक नाहीं. २०२३ च्या दुसऱ्या एका प्रयोगांत निरोगी माणसांस रोज १५ मिलिग्रॅम, म्हणजे पुष्कळच मोठी मात्रा, पांच दिवस दिली. तरीही त्यांच्या रक्तांत स्पर्मिडिन वाढलें नाहीं, स्पर्मिन मात्र वाढलें. गिळलेलें द्रव्य वाटेंतच रूप पालटतें असा ह्याचा अर्थ. तेव्हां आमचें उत्तर स्पष्ट आहे : गोळी नको आणि हा आंकडाही नको. मात्र अन्नाची गोष्ट वेगळी. इटलीच्या उत्तरेस ब्रुनेक ह्या गांवीं ४५ ते ८४ वयाच्या ८२९ माणसांचा आहार वीस वर्षें टिपून ठेवण्यांत आला. ज्यांच्या आहारांत स्पर्मिडिन अधिक होतें, त्यांच्यांत मृत्यूचें प्रमाण कमी आढळलें. आणि हा फरक सुमारें ५.७ वर्षांनीं तरुण असण्याइतका होता, असें २०१८ सालीं प्रसिद्ध झालें. अर्थात् असें अन्न खाणारा मनुष्य इतर बाबतींतही नेमस्त असूं शकतो. म्हणून हा पुरावा सूचक मानावा, निर्णायक नव्हे.

आतां दूरचे देश सोडून आपल्या पुण्याकडे वळूं. कारण ह्या वयाच्या महाराष्ट्रीय पुरुषाविषयीं सर्वांत महत्त्वाचें ज्ञान तेथेंच मिळालें आहे. के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं २००४ सालीं ‘लॅन्सेट’ ह्या नियतकालिकांत स्वतःचें व लंडनचे आपले स्नेही डॉ. युडकिन यांचें छायाचित्र शेजारीं शेजारीं छापलें. उंची व वजन यांचें गुणोत्तर दोघांचें अगदीं सारखें, २२.३. पण देहांतील चरबी मोजली, तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! दिसण्यांत सडसडीत, पण आंतून मेदस्वी, असा हा आपला भारतीय देह. ‘मी तर बारीक आहें, मला कसला मधुमेह?’ असें म्हणणाऱ्यांनीं हे दोन आंकडे लक्षांत ठेवावे.

त्याच शोधकांनीं २००६ सालीं आणखी एक काम प्रसिद्ध केलें. पुण्याजवळचीं खेडीं, शहरांतील झोपडवस्ती आणि शहरी मध्यमवर्ग अशा तीन ठिकाणचे ४४१ मध्यमवयीन पुरुष घेऊन त्यांच्या रक्तांतील ब-१२ जीवनसत्त्व मोजण्यांत आलें. दर लिटरला १५० पिकोमोल, म्हणजे आपल्या नेहमींच्या अहवालांच्या भाषेंत दर मिलिलिटरला सुमारें २०० पिकोग्रॅम, ही कमतरतेची मर्यादा धरली. तेव्हां १०० पैकीं ६७ पुरुष तिच्या खालीं निघाले. आणि सर्वांत वाईट स्थिति झोपडींतल्या किंवा खेड्यांतल्या माणसाची नव्हती. ती शहरी मध्यमवर्गाची होती. तेथें हें प्रमाण ८१ टक्के. वारंवार मांसाहार करणाऱ्यांच्या मानानें शाकाहाऱ्यांस ही कमतरता असण्याचा संभव ४.४ पट ठरला. सुशिक्षित, खाऊनपिऊन सुखी, पथ्यानें वागणारा, आपल्या आहाराचा अभिमान बाळगणारा जो वर्ग, त्याच्याच रक्तांत ही उणीव सर्वांत अधिक असावी, ही विचार करण्यासारखी गोष्ट आहे.

ब-१२ चा आणि पॉलिअमाइनांचा संबंध काय, असें वाचक विचारतील. संबंध आहे, आणि तो रसायनांतच आहे. पुट्रेसिन तयार होतें ऑर्निथिन नांवाच्या आम्लापासून. पण त्याचें स्पर्मिडिन व स्पर्मिन होण्यास जो तुकडा जोडावा लागतो, तो येतो मेथिओनिन ह्या आम्लाकडून. मेथिओनिन शरीरांत एका रहाटगाडग्यांत फिरत असतें. काम करून तें रितें झालें कीं त्याचें होमोसिस्टीन होतें. आणि होमोसिस्टीनाचें पुन्हां मेथिओनिन करण्यास ब-१२ व फोलेट हीं दोन्ही लागतात. ब-१२ कमी पडलें कीं रितीं गाडगीं सांचत जातात, म्हणजे रक्तांत होमोसिस्टीन वाढतें. पुण्याच्या त्या पुरुषांपैकीं ५८ टक्क्यांच्या रक्तांत तें वाढलेलेंच होतें. ह्यावरून ‘ब-१२ कमी म्हणजे पॉलिअमाइनें कमी’ असें सरळ गणित मांडूं नये. कारण त्या रहाटाच्या पाण्याचा थोडाच वांटा ह्या शेतास जातो. पण ज्याला त्या शेताची काळजी वाटते, त्यानें आधीं रहाट नीट चालतो आहे कीं नाहीं, हें पाहणें शहाणपणाचें.

ह्या दृष्टीनें आपलें ताट पाहिलें म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट ध्यानांत येते. पॉलिअमाइनांच्या बाबतींत तें श्रीमंत आहे. गव्हाच्या अंकुरांत स्पर्मिडिन भरपूर. आणि चक्कीवर दळलेल्या, न चाळलेल्या कणकेंत तो अंकुर शाबूत असतो, मैद्यांतून मात्र काढून टाकलेला असतो. मटार, हरभरा, सोयाबीन, अळंबी ह्यांतही तें चांगलें असतें. आपल्या भागांतल्या कडव्या वालांना मोड आणून केलेलें बिरडें, मटकीची उसळ, मुगाची उसळ, हीं तर घरोघरचीं. बीज अंकुरतें तेव्हां त्यांत नव्या पेशींची वाढ सुरू होते, आणि वाढीला हीं द्रव्यें लागतातच. तीं पाण्यांत विरघळणारीं आहेत; म्हणून उसळीचें शिजवलेलें पाणी ओतून न देतां त्याचा कट करणारी गृहिणी अगदीं शास्त्रशुद्ध वागते.

पण ह्याच ताटांत ब-१२ नाहीं. तें कोणतीही वनस्पति बनवीत नाहीं. जंतु बनवितात, आणि आपल्याला तें दूध, दहीं, अंडीं, मासे, मांस ह्यांतून मिळतें. शाकाहारी घरांत आधार काय तो दुधादह्याचा. आणि तो आधार कर्त्या पुरुषाच्या बाबतींत पुष्कळदां चहांतल्या चार चमच्यांपुरता उरलेला असतो. मुलांना पेला, म्हाताऱ्यांना पेला, आणि गृहस्थ चहावर! रोज पेलाभर दूध व वाटीभर दहीं हा पहिला उपाय. ज्यांच्या आचारांत अंडें बसतें त्यांस तोही मार्ग आहे. आणि रक्त तपासून कमतरता फारच निघाली, तर डॉक्टर सांगतील ती गोळी किंवा सुई घ्यावी. त्यांत शाकाहाराचा कमीपणा मानण्याचें कारण नाहीं. आपल्या आहाराचा अभिमान जरूर असावा. पण ज्याचा अभिमान बाळगावयाचा त्याचें वैगुण्य ठाऊक असणें हेंही त्या अभिमानांतच येतें.

ह्यांत प्रत्यक्ष धोका कोणता, तेंही सांगतों. पायांस मुंग्या येणें, तळवे बधिर होणें, थकवा, विसर पडणें, हीं ब-१२ च्या अभावाचीं लक्षणें आहेत. आणि पायांच्या मुंग्या मधुमेहांतही येतात. त्यामुळें मधुमेही मनुष्य ‘साखरेमुळेंच होत असेल’ म्हणून गप्प बसतो, आणि मधुमेह नसलेला ‘गाडींत उभें राहून पाय आंखडले’ म्हणून गप्प बसतो. त्यांत भर अशी कीं, मधुमेहावर नित्य दिलें जाणारें मेटफॉर्मिन हें औषध फार वर्षें घेतल्यानें ब-१२ आणखी उतरतें. आंबटपित्ताच्या गोळ्यांनींही तसेंच होतें. औषध मनानें बंद करूं नये. तपासणी मात्र मागून घ्यावी. दुर्लक्ष पुष्कळ वर्षें चाललें, तर मज्जातंतूंची हानि पूर्णपणें भरून निघेलच असें नाहीं.

आतां दिनचर्येकडे. बदलापूरहून मुंबईचें शेवटचें स्टेशन सुमारें ६८ किलोमीटर. जातांयेतां तीन-साडेतीन तास गाडींत, आठ-नऊ तास खुर्चीवर. दुपारीं डबा, संध्याकाळीं फलाटावर वडापाव, आणि खरें जेवण रात्रीं दहाला. उल्हासनगरच्या आमच्या सिंधी शेजाऱ्यांची सकाळची दाल-पकवान ही न्याहारीच पाहा : त्यांतली डाळ उत्तम, तळलेला मैद्याचा पकवान मात्र पोटाचा घेर वाढविणारा, आणि आपला वडापाव तरी ह्याहून निराळा कोठें आहे? चरकानें प्रमेहाच्या कारणांत बसण्याचें सुख व झोपेचें सुख हीं अग्रभागीं घातलीं आहेत, आणि प्रमेही स्थूल व कृश असे दोन प्रकारचे सांगून दोघांची चिकित्सा वेगळी ठेवली आहे. त्याचा कृश रोगी आणि याज्ञिकांचा आंतून मेदस्वी मनुष्य एकच, असें आम्ही म्हणत नाहीं. पण वैद्यानें बाह्य आकारावर विसंबूं नये, ही दृष्टि जुनीच आहे. सुश्रुतानें तर प्रमेह्यास शंभर योजनें चालावयास व विहीर खणावयास सांगितलें. शंभर योजनें नकोत; अंबरनाथच्या मंडळींनीं शके ९८२ च्या शिवालयापर्यंत आणि बदलापूरकरांनीं उल्हास नदीच्या कांठापर्यंत रोज चालून यावें, एवढें पुरे.

उपवासाविषयीं दोन शब्द. ग्राझच्याच शोधकांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०२४ सालीं प्रसिद्ध केलें कीं, उपवासाच्या काळांत मनुष्याच्या रक्तांतही स्पर्मिडिन वाढतें, आणि प्राण्यांत उपवासापासून होणारा लाभ बऱ्याच अंशीं त्यावरच अवलंबून असतो. म्हणजे जें द्रव्य विकत घेऊन रक्तांत चढत नाहीं, तें कांहीं काळ न खाल्ल्यानें चढतें! ‘उप’ व ‘वस्’ मिळून झालेल्या ह्या शब्दाचा अर्थ ‘जवळ राहणें’; साबूदाण्याच्या खिचडीजवळ राहणें असा त्याचा अर्थ कोठेंही नाहीं. एकादशीस साबूदाणा, बटाटा व शेंगदाण्याचे लाडू चालू ठेवून शरीरास उपवास घडत नाहीं. मात्र मधुमेहाचीं औषधें घेणाऱ्यानें डॉक्टरांस विचारल्यावांचून निरंकार उपास करूं नये. साखर एकाएकीं उतरून घात होतो.

तेव्हां मोजावयाचें काय? पांच गोष्टी : कंबर ९० सेंटिमीटर वा अधिक, रक्तदाब १३० वर ८५ किंवा अधिक, उपाशीपोटीं साखर १०० वा अधिक, ट्रायग्लिसराइड १५० वा अधिक, आणि एच. डी. एल. ४० च्या खालीं. ह्यांतील तीन लागू झाल्या, तर शरीराचा जमाखर्च बिघडला असें समजावें. सहावी गोष्ट ब-१२. देशांत १० कोटी १० लक्ष लोकांस मधुमेह असल्याचा हिशेब भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणींतून २०२३ सालीं पुढें आला. त्यांतले पुष्कळ जण निदान होण्याच्या आदल्या वर्षीं स्वतःला ठणठणीतच समजत असतील.

पुरुष ह्या बाबतींत आळशी असतात, म्हणून शेवटची विनंति घरच्या गृहिणींस. शिवणाच्या पेटींतली मोजपट्टी काढावी, आणि रविवारीं सकाळीं, न्याहारीपूर्वीं, पोट आंत ओढूं न देतां, घरांतल्या प्रत्येक चाळिशी उलटलेल्या पुरुषाची कंबर मोजून दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. बारीक दिसणाऱ्याची आधीं मोजावी.